बीडी-रेट आणि गुलाल: कॉम्प्रेशनचे पेपर काय मोजत नाहीत

व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये रिसर्च करायचा विचार करत असाल, तर सुरुवातीला जे पेपर वाचाल त्यांतल्या बहुतेकांचा शेवट एका टक्केवारीने होतो. "आमची पद्धत अमुक कोडेकच्या तुलनेत इतके टक्के बिटरेट वाचवते." हा आकडा म्हणजे बीडी-रेट. आजची पोस्ट म्हणजे या आकड्यावरची टीका आहे. आकडा खोटा नाही. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि जिथे लाइव्ह प्रसारण आणि फाइलवरचं काम एकाच छताखाली चालतं तिथे तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आधी आकडा समजून घेऊ. २००१ मध्ये गिस्ले ब्योन्तेगार्ड यांनी आयटीयूच्या व्हिडिओ कोडिंग गटापुढे एक छोटी टिपण मांडली. दोन कोडेक घ्या. प्रत्येकाला तीच क्लिप साधारण चार वेगवेगळ्या बिटरेटवर द्या. प्रत्येक वेळी मूळ चित्राशी तुलना करून पीएसएनआर काढा. आता तुमच्याकडे दोन वक्ररेषा आल्या. त्यांच्यातलं सरासरी अंतर टक्क्यांत सांगा, की झाला बीडी-रेट. सोपं, स्वस्त, आणि जगात कुठेही पुन्हा करून बघता येतं. म्हणूनच तो टिकला.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही: चित्र एकदाच कॉम्प्रेस होतं, एकदाच उघडलं जातं, आणि थेट प्रेक्षकाच्या डोळ्यात जातं. आता हे गृहीतक घेऊन लोअर परळला चला.

चित्राचा प्रवास

लोअर परळच का? कारण मुंबईतल्या टीव्हीचा मोठा हिस्सा इथे आणि शेजारच्या वरळीत आहे. गणपतराव कदम मार्गावर ऊर्मी इस्टेटमधलं स्टार हाउस, ना. म. जोशी मार्गावर मॅरेथॉन फ्युचरेक्समध्ये झी, कमला मिल्समध्ये टाइम्स नेटवर्क, हे पत्ते या धंद्यात बरीच वर्षं ओळखीचे आहेत. मुंबई दूरदर्शन तर २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्याचं केंद्र वरळीलाच आहे. कोणाकडे नेमकं कोणतं मशीन आहे यात आपण शिरणार नाही. साखळी सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते.

उदाहरण जवळचंच घेऊ. करी रोडचा पूल ओलांडला की लालबाग. १९३४ पासून बसणारा लालबागचा राजा विसर्जनाला निघतो तेव्हा मिरवणूक वीस तासांच्या वर चालते, आणि मराठी चॅनेल ती लाइव्ह दाखवतात. कॅमेऱ्यातून एचडी चित्र निघतं ते १०८०आय५०, म्हणजे एसडीआय केबलवर सेकंदाला १.४८५ गिगाबिट. पाठीवरच्या बॅगेत बसणारं मशीन तीन-चार सिमकार्डं एकत्र वापरून ते पाठवतं, पण त्यासाठी चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये काही मेगाबिटांवर आणावं लागतं. ही पहिली पिढी.

स्टुडिओत ते उघडलं जातं. एक प्रत लगेच ऑन एअर जाते. दुसरी रेकॉर्ड होते, समजा एक्सडीकॅम एचडी ४२२ मध्ये, ५० मेगाबिटांवर. दुसरी पिढी. रेकॉर्डिंग चालू असतानाच एडिटर त्याच वाढत्या फाइलमधून दोन मिनिटांचं पॅकेज कापतो, वर नावाची पट्टी टाकतो, रेंडर करतो. तिसरी पिढी. प्लेआउटमधून ते लोगो आणि टिकरसह बाहेर पडतं आणि सॅटेलाइटसाठी पुन्हा एच.२६४ होतं. चौथी. डीटीएच किंवा केबलवाल्याकडे ते अनेकदा पुन्हा उघडून आपल्या बिटरेटमध्ये बसवलं जातं. पाचवी. आणि पुढच्या वर्षी "गेल्या वर्षीची मिरवणूक" दाखवायला आर्काइव्हमधून फाइल काढली, की मोजणी तिसऱ्यापासून पुन्हा पुढे.

आता विचारा: या पाच पिढ्यांपैकी बीडी-रेट कोणती मोजतो? फक्त एकच, आणि तीही जणू तिच्या आधी काही घडलंच नाही अशा स्वच्छ मूळ चित्रावर.

३४ चे २४ कसे होतात

"प्रत्येक पिढीत थोडंसं नुकसान, बेरीज केली की झालं," असं वाटेल. तसं होत नाही, आणि हे कळायला कागद-पेन पुरतं.

कॉम्प्रेशनमधलं नुकसान मुख्यतः क्वांटायझेशनमध्ये होतं. म्हणजे संख्या जवळच्या ठरावीक पटीत बसवणं. ३४ ही संख्या घ्या. १० च्या पटीत बसवली तर ३०. पुन्हा १० च्या पटीत? ३०च. शंभर वेळा केलंत तरी ३०. आता पट बदलत जा. ३४ ला १० च्या पटीत, मिळाले ३०. ३० ला ७ च्या पटीत, मिळाले २८. २८ ला १२ च्या पटीत, मिळाले २४. चूक १० ची झाली. मूळ ३४ थेट १२ च्या पटीत बसवले असते तर ३६ मिळाले असते, चूक फक्त २ ची.

तीच शेवटची पायरी, तोच १२ चा पट. एकटी मोजली तर चूक २, साखळीच्या टोकाला मोजली तर १०. पेपरमध्ये २ छापलं जातं आणि प्रेक्षकाला १० दिसतं.

खऱ्या कोडेकमध्ये पट बदलायची कारणं भरपूर आहेत. कोडेक बदलला, बिटरेट बदलला, ग्राफिक्स टाकताना चित्र दोन पिक्सेल सरकलं की ब्लॉकांची जाळी बदलते. लाँग जीओपीमध्ये आणखी एक भानगड असते. तिथे काही फ्रेम पूर्ण साठवल्या जातात आणि बाकीच्या शेजारच्यांवरून बांधल्या जातात. पूर्ण फ्रेमना बिट जास्त मिळतात, बांधलेल्यांना कमी. एडिटरने मध्येच कट मारला की पुढच्या पिढीत कालची कमजोर फ्रेम आजची पूर्ण फ्रेम होते, आणि तिच्यातला दोष तिच्यावरून बांधलेल्या सगळ्या फ्रेममध्ये उतरतो.

हे प्रसारणवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २००८ च्या आर १२४ या शिफारशीत एचडी प्रॉडक्शनसाठी अट घातली की सात वेळा एन्कोड-डीकोड करून, मध्ये चित्र आडवं-उभं पिक्सेलने सरकवून, तरीही दर्जा मूळच्या जवळपास सारखा राहिला पाहिजे. त्याच शिफारशीत लाँग जीओपीला किमान ५० आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या पद्धतीला किमान १०० मेगाबिट सांगितलेत. एक्सडीकॅमचा ५० चा आकडा आणि एव्हीसी-इंट्राचा १०० चा आकडा या धंद्यात का रुजले, त्याचा अंदाज इथे येतो. सात पिढ्यांची ही चाचणी इतकी वर्षं जुनी असूनही कोडेकवरच्या पेपरांत ती क्वचितच भेटते.

"एकच कोडेक" हा दावा

यावर उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांत एक कल्पना पुढे आली आहे: लाइव्ह आणि फाइल दोन्हीकडे एकच कोडेक वापरा, म्हणजे मधली उघडझाक संपेल. कल्पना जुनीच आहे. १९९० च्या दशकातल्या डीव्हीमध्ये कॅमेऱ्याने टेपवर लिहिलेला २५ मेगाबिटांचा डेटा फायरवायरच्या केबलने जसाच्या तसा कॉम्प्युटरवर यायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनीही ते वापरलंय.

आजचा उमेदवार म्हणजे जेपीईजी एक्सएस, आयएसओ २११२२, पहिली आवृत्ती २०१९. याचं बळ त्याच्या उशिरात आहे, म्हणजे उशीर जवळजवळ नसण्यात. तो पूर्ण फ्रेमची वाट बघत नाही, चित्राच्या काही ओळी आल्या की काम सुरू करतो. १०८० ओळींच्या, सेकंदाला ५० फ्रेमच्या चित्रात ३२ ओळींचा वेळ एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो. लाँग जीओपीमध्ये पुढच्या फ्रेमची वाट बघावी लागते, आणि २५ च्या वेगात एकेक फ्रेम ४० मिलिसेकंदांची.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते २०२० च्या आयपीएलमध्ये दिसलं. मॅचेस यूएईत होत्या, १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर, आणि स्टार स्पोर्ट्सच्या समालोचकांपैकी काही जण मुंबईच्या स्टुडिओत बसून पडद्यावर बघत बोलत होते. अशा कामात चित्र, आवाज आणि निर्मात्याच्या सूचना एकमेकांशी जुळवाव्या लागतात. साखळीत जिथे जिथे उशीर वाढतो तिथे तिथे जुळवाजुळव अवघड होते. बीडी-रेटच्या तक्त्यात उशिराचा रकानाच नसतो.

जेपीईजी एक्सएसची दुसरी जमेची बाजू म्हणजे त्याच बिटप्रवाहाला दोन घरं आहेत. लाइव्हमध्ये आयपी नेटवर्कवर न्यायला एसटी २११०-२२ आणि आरएफसी ९१३४, फाइलमध्ये ठेवायला एमएक्सएफसाठीचं एसटी २१२४. म्हणजे तत्त्वतः केबलवरून आलेलं चित्र न उघडता फाइलमध्ये ठेवता येतं. अनेक पिढ्या टिकणं ही गरज त्याच्या आखणीतच धरलेली होती. इथवर मी या कोडेकच्या बाजूने आहे.

पण "दृश्यतः लॉसलेस" आणि "एकच कोडेक" हे शब्द पेपरमध्ये आले की थांबा आणि हिशेब करा.

१०८०आय५० चं १०-बिट ४:२:२ चित्र, फक्त दिसणारा भाग धरला, तर १९२० × १०८० × २० × २५, म्हणजे साधारण १.०४ गिगाबिट. दहास एक या प्रमाणात ते १०४ मेगाबिट होतं. दिवसभराचं रेकॉर्डिंग १.१२ टेराबाइट. एक्सडीकॅमच्या ५० मेगाबिटांवर तेच ०.५४ टेराबाइट. एलटीओ-८ ची एक टेप १२ टेराबाइटांची. एक्सडीकॅममध्ये त्या टेपवर २२ दिवस बसतात, एक्सएसमध्ये जेमतेम ११. यूएचडीच्या ५० फ्रेमवर गेलात तर दहास एक करूनही ८२९ मेगाबिट, दिवसाला सुमारे ९ टेराबाइट. एक टेप सव्वा-दीड दिवसात संपते.

मग चॅनेल काय करणार? लाइव्हसाठी एक्सएस वापरेल, आणि आर्काइव्हला जाताना पुन्हा एक्सडीकॅम किंवा एव्हीसी-इंट्रा करेल. आणि मिरवणुकीतून येणारी बॅग तर एच.२६४ किंवा एचईव्हीसीच पाठवणार, कारण सिमकार्डावर १०४ मेगाबिट सतत मिळत नाहीत. म्हणजे साखळीचं मधलं अंतर एकजिनसी झालं, दोन्ही टोकं मिश्रच राहिली. एक्सएस ते एक्सएस अशा दहा पिढ्यांचा सुंदर आलेख या मिश्र साखळीबद्दल काहीच सांगत नाही. ३४ चं उदाहरण आठवा: तोच पट पुन्हा पुन्हा वापरला की चूक वाढत नाही. ती चाचणी सोपी आहे.

२०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आधीच्या फ्रेमशी फरक घेऊन बिट वाचवायची सोय आली. स्थिर कॅमेरा, स्क्रीनवरचे तक्ते यांना ती उपयोगी आहे. पण मिरवणुकीत आधीच्या फ्रेमसारखं राहतं काय?

गुलाल कुठे दिसतो

हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि तो क्लिपांबद्दल आहे.

एचईव्हीसीच्या ठरावीक चाचणी-क्लिपा तुम्हाला लवकरच तोंडपाठ होतील: बास्केटबॉल ड्राइव्ह, कॅक्टस, बीक्यू टेरेस. स्वीडिश टीव्हीने बनवलेली क्राउड रन अजून सर्रास वापरतात. त्या चांगल्या क्लिपा आहेत. पण त्या बहुतेक दहा सेकंदांच्या आसपास आहेत, प्रोग्रेसिव्ह आहेत, आणि पेपरमध्ये ४:२:० मध्ये वापरल्या जातात. आपल्याकडची एचडी चॅनेलं १०८०आय, म्हणजे इंटरलेस्ड. आणि स्टुडिओतलं काम ४:२:२ मध्ये.

आता गुलाल उधळला जातो तेव्हा चित्रात काय होतं बघा. उजेडाच्या थरात, म्हणजे वायमध्ये, एक मंद धूसर ढग. रंगाच्या दोन थरांत मात्र एकदम मोठा बदल, अगदी बारीक कणांसह. ४:२:० मध्ये रंगाचे नमुने उजेडाच्या एक चतुर्थांश उरतात, ४:२:२ मध्ये निम्मे. बॅगेतून ४:२:० आलं, स्टुडिओत ४:२:२ केलं, सॅटेलाइटला पुन्हा ४:२:०. प्रत्येक वेळी रंग उभ्या दिशेने पसरतो. इंटरलेस्डमध्ये त्यात दोन फील्डांच्या वेगवेगळ्या वेळा मिसळतात. शेवटी घरी दिसतो तो गुलाबी चिखल.

आणि पेपरमधला मुख्य आकडा बहुतेक वेळा कशाचा असतो? वाय-पीएसएनआरचा. रंगाचे दोन रकाने बाजूला छापतात, निष्कर्षात त्यांचं नाव येत नाही. गुलाल जिथे आहे तिथे आपण बघतच नाही. धुळवड, हळद उधळलेली जेजुरी, पावसातली दहीहंडी, सगळ्याला हेच लागू. आपल्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त ओढ ज्या चित्रांची, तीच चित्रं चाचणीत नाहीत. मग कोडेकच्या बिट वाटपाचे नियम ज्यांच्यावर घासूनपुसून घेतले, त्यांत आपलं काही नसणारच.

आणि आर्काइव्हमध्ये जे जातं ते कायमचं. कॅमेऱ्यातलं मूळ चित्र उरत नाही. २ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची फायनल असो की एखाद्या वर्षीची मिरवणूक, पन्नास वर्षांनी अभ्यासकाच्या हाती साखळीतल्या कुठल्यातरी पिढीची प्रत येणार. ती दुसरी असेल की पाचवी, हे आजच्या कोडेक-निवडीवर ठरतं, आणि ती निवड करताना आमच्या पेपरांतले तक्ते बघितले जातात.

दुसरी बाजू

बीडी-रेटच्या बाजूने दोन मुद्दे प्रामाणिकपणे मांडायला हवेत. एक, शेवटच्या पायरीसाठी, म्हणजे मोबाइलवर स्ट्रीमिंगसाठी, तो योग्यच आहे. तिथे एकदा एन्कोड होतं आणि लाखो लोक बघतात, बिट वाचले की खरंच पैसे वाचतात. दोन, प्रत्येक चॅनेलची साखळी वेगळी. प्रत्येकाने आपापल्या साखळीवर मोजलं तर दोन पेपरांची तुलनाच करता येणार नाही.

पहिला मुद्दा मला मान्य. दुसरा अर्धाच मान्य. सात पिढ्या आणि पिक्सेल सरकवणं ही २००८ ची अट कुठल्या एका चॅनेलची साखळी नव्हती, सगळ्यांसाठी ठरवलेली एक कडक साखळी होती. तशीच एक मिश्र साखळी ठरवता येईल. ती अजून नीट ठरलेली नाही, यातच तुमच्यासाठी कामाची जागा आहे.

तुम्ही सुरू करत असाल तर

प्रस्ताव लिहिताना कोडेकचा ब्लॉक डायग्राम काढायच्या आधी साखळी काढा. चित्र किती वेळा उघडतं, कुठे, कोण कापतं, काय साठवलं जातं. कुणी ओळखीचा इंजेस्ट किंवा प्लेआउटमध्ये असेल तर त्याला चहा पाजा. तासाभरात पेपरमध्ये नसलेल्या चार गोष्टी कळतील.

मग प्रयोग. यासाठी महागडी लॅब लागत नाही. एफएफएमपेगमध्ये ४:२:२ एमपेग-२ ५० मेगाबिटांवर करता येतं, एक्स२६४ मध्ये एव्हीसी-इंट्राचा मोड आहे, जेपीईजी एक्सएसचाही ओपन सोर्स एन्कोडर मिळतो. तीन-चार वेगळ्या कड्यांची साखळी स्क्रिप्टमध्ये लिहा. प्रत्येक दोन पिढ्यांच्या मध्ये चित्र एक-दोन पिक्सेल सरकवा आणि सुरुवातीच्या पाच फ्रेम कापून टाका, म्हणजे जीओपीची जागा बदलेल. मोजताना सरकवलेलं चित्र मूळ जागी आणायला विसरू नका. प्रत्येक कडीनंतर मोजा, नुसतं टोकाला नको. नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. वाय आणि रंगाचे दोन थर वेगळे दाखवा. शेजारी उशिराचा रकाना ठेवा आणि दिवसाला किती टेराबाइट लागतील तेही लिहा.

आणि क्लिपा स्वतः शूट करा. इंटरलेस्ड, ४:२:२, किमान एक-दोन मिनिटांच्या, आणि ओळखू येणाऱ्या माणसांची परवानगी घेऊन. गुलाल, पाऊस, लोकलच्या दारातून पळणारी झाडं. कॅमेऱ्याच्या शक्य तितक्या जवळची, कमीत कमी कॉम्प्रेस केलेली प्रत ठेवा, नाहीतर तुमची पहिली पिढी आधीच दुसरी असेल. असा संच खुला केलात, तर थिसिसमधल्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा तो जास्त दिवस वापरला जाईल.

गाईड विचारतील, "बीडी-रेट किती आला?" तो काढा, सांगा. फक्त त्याच वाक्यात हेही सांगा की तो कितव्या कडीवर आणि कोणत्या चित्रावर काढलाय.